स्वयंचलित गिअरबॉक्समधील बँडचे समायोजन

स्वयंचलित गिअरबॉक्समधील बँडचे समायोजन ही मोटारगाडीच्या देखभालीतील एक प्रक्रिया आहे. गिअरबॉक्सच्या आत फिरणाऱ्या ड्रमभोवती एक पोलादी पट्टी बसवलेली असते. तिला बँड म्हणतात. या बँडच्या आतील घर्षण-लायनर झिजला की बँड आणि ड्रम यांतील अंतर वाढते व ड्रम वेळेवर थांबत नाही. समायोजनाच्या स्क्रूने हे अंतर निर्मात्याने ठरवून दिलेल्या मापावर पुन्हा आणणे, एवढाच या प्रक्रियेचा हेतू असतो. झिजलेला लायनर तिने भरून येत नाही आणि जळलेला बँड तिने दुरुस्त होत नाही. विसाव्या शतकातील अनेक अमेरिकी व युरोपीय गाड्यांत हे काम ठरावीक अंतर चालल्यावर करावे लागे. आजच्या बहुसंख्य स्वयंचलित गाड्यांत त्याची सोय नसते आणि गरजही नसते.

नाव व परिभाषा

मराठीत बँड या वस्तूसाठी ‘पट्टा’ असा शब्द सहज सुचतो. परंतु सीव्हीटी प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये दोन पुल्यांवरून फिरणारा एक खराखुरा पट्टा असतो आणि त्याचे कार्य सर्वस्वी निराळे असते. एक पट्टा शक्ती वाहून नेतो, तर दुसरा ड्रमला धरून थांबवतो. हा गोंधळ टाळण्यासाठी गॅरेजांत रूढ असलेला ‘बँड’ हाच शब्द येथे वापरला आहे. गिअरला मराठी परिभाषेत दंतचक्र म्हणतात. बँडला आवळणाऱ्या तेलदाबाच्या पिस्टनला सर्व्हो, तर स्क्रू जागच्या जागी पक्का करणाऱ्या नटला लॉकनट म्हणतात.

रचना व कार्य

पारंपरिक स्वयंचलित गिअरबॉक्सचा गाभा म्हणजे ग्रहमालेसारखी रचना असलेला दंतचक्रसंच. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे, त्या ग्रहचक्रांना एकत्र धरणारा वाहक आणि सर्वांत बाहेर आतल्या बाजूस दाते असलेले वलयचक्र, असे त्याचे घटक असतात. यांपैकी एका घटकाला गती दिली आणि दुसऱ्याला स्थिर धरले, तर तिसरा घटक ठरावीक प्रमाणात कमी-अधिक गतीने किंवा उलट दिशेने फिरतो. दाते एकमेकांत कायम गुंतलेलेच राहतात. कोणता घटक धरायचा आणि कोणता सोडायचा एवढेच बदलले, की गिअर बदलतो. फिरणारे दोन घटक एकमेकांस जोडण्याचे काम क्लच करतात, तर एखाद्या घटकाला गिअरबॉक्सच्या कवचाशी जखडून स्थिर ठेवण्याचे काम ब्रेक करतात. बँड हा या ब्रेकचा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा प्रकार होय.

बँडचे एक टोक कवचातील खुंटीला किंवा समायोजनाच्या स्क्रूला टेकलेले असते. दुसऱ्या टोकावर सर्व्होचा दांडा थेट किंवा तरफेमार्फत दाब देतो. सर्व्होत तेलाचा दाब आला की बँडची दोन्ही टोके जवळ येतात आणि बँड ड्रमला विळखा घालून त्याची गती रोखतो. दाब सुटला की स्प्रिंग सर्व्होला मागे नेते व बँड स्वतःच्या लवचीकपणाने सैल होतो.

या विळख्यात एक मोठी सोय दडलेली आहे. विहिरीवर दोर खांबाला दोन वेढे देऊन धरला, की जड बादलीही एका हाताने सांभाळता येते. बँडमध्येही तेच तत्त्व काम करते. ड्रमची फिरण्याची दिशा बँडला सर्व्होच्या टोकाकडून खुंटीकडे ओढणारी असेल, तर घर्षणच बँडला अधिक आवळते. घर्षणगुणांक ०.१२ आणि विळखा ३३० अंशांचा धरला, तर खुंटीकडील टोकावरचा ताण सर्व्होकडील टोकाच्या सुमारे दुप्पट होतो. म्हणजे सर्व्होला निम्म्याच ताणात काम भागवता येते. दिशा उलट असेल, तर मात्र सर्व्होलाच मोठा ताण द्यावा लागतो. म्हणून एकच बँड एका दिशेला घट्ट धरतो आणि दुसऱ्या दिशेला घसरतो, असेही आढळते. अशा वेळी केवळ लायनरला दोष देणे चुकीचे ठरते.

समायोजनाची गरज

सर्व्होच्या पिस्टनची चाल मर्यादित असते. लायनर झिजू लागला, की बँड ड्रमला टेकण्यापूर्वीच त्या चालीचा बराचसा भाग खर्ची पडतो. परिणामी बँड उशिरा लागतो, आणि पुढे पिस्टन आपल्या टोकाला पोहोचूनही बँड पुरेसा आवळला जात नाही. उशिरा लागलेला बँड फिरत्या ड्रमवर अधिक वेळ घासतो, तापतो आणि आणखी झिजतो. हे चक्र एकदा सुरू झाले, की लायनर जळेपर्यंत थांबत नाही. वेळेवर केलेल्या समायोजनाचे महत्त्व याच ठिकाणी आहे. काही मिनिटांचे काम टळल्यामुळे संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याची पाळी येऊ शकते.

बँड अति घट्ट ठेवणेही तितकेच घातक असते. तो सुटलेल्या अवस्थेतही ड्रमला घासत राहतो, तेल तापवतो आणि पुढचा गिअर लागताना दोन गिअर क्षणभर एकाच वेळी धरले गेल्यासारखा धक्का बसतो. या दोन टोकांमधील जागा फार अरुंद असते. समजा, स्क्रूच्या आट्यांचा चढ १ मिलिमीटर आहे, स्क्रू थेट बँडच्या टोकावर टेकतो आणि तो दोन फेरे सैल केला आहे. मग बँडच्या टोकांत २ मिलिमीटरची सूट मिळते. पण ती परिघावर वाटली जाते, म्हणून ड्रमपासूनचे सरासरी अंतर जेमतेम ०.३ मिलिमीटर भरते. अर्धा फेरा चुकला, तर या अंतरात सुमारे एक चतुर्थांशाचा फरक पडतो. हे काम अंदाजाने करता येत नाही, ते यामुळेच.

इतिहास

बँड आवळून गिअर बदलण्याची पद्धत स्वयंचलित गिअरबॉक्सपेक्षा जुनी आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक संख्येने तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टी या गाडीत ग्रहमाला पद्धतीचाच गिअरबॉक्स होता आणि त्यात तीन बँड होते: एक सावकाश गतीचा, एक मागे जाण्याचा आणि एक ब्रेकचा. चालक पायातील तीन पेडलांनी हे बँड स्वतः आवळत असे. लायनर विणलेल्या सुती पट्टीचे असत आणि इंजिनच्याच तेलात भिजलेले राहत. डावे पेडल पायाखालच्या फळीला टेकू लागले, की सावकाश गतीचा बँड सैल झाला असे समजावे, ही तेव्हाची सोपी खूण होती. त्या बँडचा स्क्रू बाहेरून फिरवता येई. उरलेल्या दोहोंसाठी गिअरबॉक्सवरील झाकण काढावे लागे. बँड घट्ट करणे हे त्या काळी कारागिराचे नव्हे, तर चालकाचेच काम मानले जाई.

ब्रिटिश साम्राज्यातील देशांना फोर्डच्या गाड्या प्रामुख्याने कॅनडातील कंपनीमार्फत पुरवल्या जात. १९२६ मध्ये फोर्डची भारतातील कंपनी स्थापन झाली. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. अशा रीतीने अमेरिकी गाडीची ओळख मुंबईला फार लवकर झाली.

याच काळात अमेरिकेत खऱ्या अर्थाने स्वयंचलित गिअरबॉक्स घडत होता. जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक हा चार गतींचा गिअरबॉक्स १९३९ च्या अखेरीस ओल्ड्समोबिल गाड्यांतून बाजारात आला. त्याच्यात पुढचा व मागचा असे दोन बँड होते. १९५० मध्ये शेव्हरोलेचा दोन गतींचा पॉवरग्लाइड, १९५६ मध्ये क्रायस्लरचा तीन गतींचा टॉर्कफ्लाइट, १९६४ मध्ये फोर्डचा सी-४ आणि १९६६ मध्ये सी-६ असे प्रकार पाठोपाठ आले. युरोपात बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ‘३५’ हा प्रकार मध्यम आकाराच्या कित्येक गाड्यांत बसवला गेला. या सर्वांत समायोजन करता येणारे बँड होते. इंग्लंडमधील वॉल्टर गॉर्डन विल्सन यांच्या पूर्वनिवड गिअरबॉक्समधील बँड मात्र झिजेप्रमाणे आपोआप घट्ट होत असत, हे या इतिहासातील एक लक्षणीय अपवादात्मक उदाहरण आहे.

भारतात हे तंत्र सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कंपन्यांना आवर घातला आणि फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी येथील काम आवरते घेतले. त्यानंतरची सुमारे तीन दशके भारतीय रस्त्यांवर ॲम्बॅसेडर, फियाट-पद्मिनी व स्टँडर्ड या हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांचेच राज्य होते. नवी परदेशी गाडी मिळणे दुरापास्त झाले. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि त्या मार्गाने काही स्वयंचलित गाड्या मुंबईत येत. चित्रपटसृष्टीतील मंडळींच्या दारात दिसणाऱ्या इम्पाला या शेव्हरोले गाडीच्या अनेक आवृत्त्यांत पॉवरग्लाइड असे. अशा गाड्यांचे सुटे भाग सहजी मिळत नसल्यामुळे बँडचे वेळेवर समायोजन हीच गाडी चालती ठेवण्याची युक्ती होती.

लक्षणे व निदान

बँड सैल झाल्याची ठळक खूण म्हणजे गिअर बदलताना इंजिनची रेस एकाएकी वाढणे आणि गाडीने मात्र तितका वेग न घेणे. परंतु हीच खूण तेल कमी असल्याने, तेलाचा दाब उतरल्याने किंवा क्लच प्लेट झिजल्यानेही दिसते. म्हणून कोणत्या गिअरमध्ये कोणता घटक कामास येतो हे ठाऊक असल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

टॉर्कफ्लाइटचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याचा मागील क्लच पुढे जाण्याच्या सर्व गिअरांत लागतो. पुढील क्लच तिसऱ्या गिअरमध्ये व रिव्हर्समध्ये लागतो. पुढील बँड फक्त दुसऱ्या गिअरमध्ये, तर मागील बँड रिव्हर्समध्ये आणि चालकाने मुद्दाम निवडलेल्या पहिल्या गिअरमध्ये लागतो. आता गाडी पहिल्या व तिसऱ्या गिअरमध्ये व्यवस्थित खेचते, पण दुसऱ्यात घसरते, तर संशय पुढील बँडवर जातो. रिव्हर्स घसरतो आणि पहिला गिअर निवडून उतारावरून येताना इंजिन गाडीला अडवत नाही, तर मागील बँड तपासावा. रिव्हर्स घसरतो, तिसरा गिअरही घसरतो, पण उतारावर इंजिनचा अडथळा जाणवतो, तर दोष पुढील क्लचमध्ये आहे आणि बँड कितीही घट्ट केला तरी उपयोग होणार नाही. सगळेच गिअर घसरत असतील, तर प्रथम तेलाची पातळी पाहावी.

तेल पुष्कळ काही सांगते. निरोगी तेल तांबूस व स्वच्छ असते. ते काळपट होऊन करपलेला वास येत असेल, तर लायनर जळले आहेत असे समजावे. चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, काढल्यावर त्यात बारीक काळी पूड थोडी असणे स्वाभाविक असते. लायनरचे तुकडे किंवा धातूचा चुरा आढळला, तर समायोजनाची वेळ निघून गेलेली असते. तेल दुधाळ गुलाबी दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. कागदी धाटणीचे लायनर पाणी शोषतात आणि पोलादी पट्टीपासून सुटू लागतात.

समायोजनाची पद्धत

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना अडसर लावावा. गाडीखाली जायचे असेल, तर ती केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या स्टँडवर घ्यावी. इंजिन बंद असावे आणि गिअरबॉक्स हाताला सोसेल इतपत निवलेला असावा. तापलेले तेल त्वचा भाजण्याइतके गरम असते.

पुढील क्रम सर्व जुन्या गिअरबॉक्सांत थोड्याफार फरकाने सारखाच आहे. स्क्रूभोवतीचा मळ तारेच्या ब्रशने व कापडाने स्वच्छ पुसावा, कारण तो आत गेल्यास झडपा अडकतात. लॉकनट काही फेरे सैल करून स्क्रू हाताने मोकळा फिरतो की नाही हे पाहावे. नंतर टॉर्क पान्याने स्क्रू ठरलेल्या जोरापर्यंत घट्ट करावा. या टप्प्यावर बँड ड्रमला पूर्ण टेकलेला असतो आणि मोजणीची सुरुवात येथून होते. तेथून स्क्रू ठरलेले फेरे मोजून सैल करावा. शेवटी स्क्रू जागेवरून हलणार नाही असा धरून लॉकनट पक्का करावा. लॉकनट आवळताना स्क्रूही सोबत फिरणे ही नवशिक्याकडून हटकून होणारी चूक आहे. त्यासाठी स्क्रूच्या डोक्यावर व कवचावर आधीच खडूची रेघ ओढून ठेवणे सोयीचे पडते.

मापे मात्र प्रत्येक गिअरबॉक्सची वेगळी आहेत. टॉर्कफ्लाइटच्या मोठ्या प्रकारात, म्हणजे ए-७२७ मध्ये, स्क्रू ७२ इंच-पौंड (सुमारे ८ न्यूटन-मीटर) जोरापर्यंत घट्ट करून मागील बँडसाठी दोन फेरे व पुढील बँडसाठी बहुतेक वर्षांच्या गाड्यांत अडीच फेरे सैल करतात. पुढील बँडचा स्क्रू बाहेर डाव्या अंगाला असतो. मागील बँडसाठी चेंबर काढावेच लागते. फोर्डच्या सी-४ मध्ये दोन्ही स्क्रू बाहेरच असून १० फूट-पौंड (सुमारे १३.५ न्यूटन-मीटर) जोरानंतर मधला बँड पावणेदोन फेरे व सावकाश-रिव्हर्स बँड तीन फेरे सैल करतात. त्याचा लॉकनट तेलगळती अडवणारा असल्याने प्रत्येक वेळी नवा वापरावा, असे निर्मात्याचे सांगणे आहे. सी-६ मध्ये एकच बँड समायोज्य असून तो दीड फेरा सैल करतात. ॲल्युमिनियम कवचाच्या पॉवरग्लाइडमध्ये ७० इंच-पौंडांनंतर रुळलेला बँड चार फेरे आणि नवा बँड तीन फेरे सैल करतात. बोर्ग-वॉर्नर ३५ चा मागील बँड १० फूट-पौंडांनंतर एकच फेरा सैल केला जातो. ही मापे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. आणि एकाच नावाच्या गिअरबॉक्सची मापे वर्ष व इंजिन यांप्रमाणे बदलतात, म्हणून त्या विशिष्ट गाडीची कार्यशाळा-पुस्तिका हाच अंतिम आधार मानावा.

काही बारकावे पुस्तिकेत क्वचितच असतात. स्क्रू गरजेपेक्षा फार बाहेर काढला, तर बँडच्या टोकाशी केवळ दाबाने टिकलेला लहानसा टेकू आत गळून पडतो आणि मग चेंबर काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुसरी गोष्ट गंजाची. स्क्रूचे आटे गंजले असतील, तर टॉर्क पाना बँडचा ताण न दाखवता गंजाचाच विरोध दाखवतो. कारागिराला वाटते बँड टेकला. प्रत्यक्षात तो टेकलेलाच नसतो. तेथून फेरे सैल केले, की बँड पहिल्यापेक्षाही ढिला राहतो. यासाठी आट्यांना गंज सैल करणारे तेल लावून स्क्रू पुढे-मागे पुरता मोकळा करणे आणि मगच माप घेणे अत्यावश्यक आहे. तिसरी गोष्ट, घट्ट करताना स्क्रू कोठेच अडत नसेल व नुसता आत जातच राहत असेल, तर बँड तुटला आहे किंवा टेकू निखळला आहे असे समजावे.

काम झाल्यावर तेलाची पातळी गरम गिअरबॉक्सवर, इंजिन चालू ठेवून तपासतात. क्रायस्लरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये ती न्यूट्रलमध्ये, तर फोर्डमध्ये पार्कमध्ये पाहिली जाते.

तेलाचा प्रकार

बँड तेलात भिजूनच काम करत असल्याने तेलाचा घर्षणगुण हा समायोजनाइतकाच महत्त्वाचा असतो. फोर्डचे जुने ‘टाइप एफ’ तेल पटकन व घट्ट पकड देणारे होते, तर जनरल मोटर्सचे १९६७ पासूनचे डेक्सरॉन तेल मऊ पकडीचे. एकाच्या जागी दुसरे घातल्यास अचूक समायोजन केलेला बँडही घसरतो किंवा धक्का देतो. जुन्या तेलांत घर्षण नियंत्रित करण्यासाठी देवमाशाचे तेल मिसळले जाई. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत त्यावर बंदी आल्यावर पर्यायी रसायने शोधावी लागली. जुन्या गाडीतील मूळ लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याची सुकलेली पूड फुंकून उडवू नये, ओल्या कापडाने टिपावी.

बँड मागे पडण्याची कारणे

बँड असलेल्या प्रत्येक गिअरबॉक्सचे समायोजन बाहेरून करता येते, असे नाही. जनरल मोटर्सने पुढे सर्व्होचा दांडा योग्य लांबीचा निवडून बसवण्याची रीत अवलंबिली. त्यात नुसता स्क्रू फिरवून माप बदलता येत नाही. पुढे बँडची जागाच अनेक प्लेटांच्या ब्रेकने घेतली. हा ब्रेक दोन्ही दिशांना सारखा धरतो, कमी जागेत बसतो आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला त्याचा दाब बारकाईने कमी-जास्त करता येतो. प्लेटा झिजल्या, की नियंत्रक तेल भरण्याचा वेळ स्वतःच वाढवतो. पूर्वी पाना जे करी, ते आता आज्ञावली करते.

भारतातील सद्यस्थिती

भारतात स्वयंचलित गाड्या मोठ्या प्रमाणावर दिसू लागल्या तोवर बँडचे युग ओसरले होते. चाकण येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पोलो गाडीची दुहेरी क्लच असलेली आवृत्ती २०१३ मध्ये आली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने एएमटी हा स्वस्त पर्याय दिला. एएमटी म्हणजे मूळचा हाताने बदलण्याचाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच व गिअरचा दांडा यंत्र हलवते. त्यात ग्रहमालाही नाही आणि बँडही नाही. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये बँड नसतो. सीव्हीटीमधील पट्टा किंवा साखळी म्हणजे बँड नव्हे. होंडाचे जुने स्वयंचलित गिअरबॉक्स समांतर दंडांचे असत, त्यांतही बँडला स्थान नव्हते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या नव्या सहा व अधिक गतींच्या बहुतेक गिअरबॉक्सांतही बाहेरून फिरवायचा स्क्रू सापडत नाही.

याचा व्यावहारिक अर्थ मीरा-भाईंदरसारख्या शहरात ठळकपणे लक्षात येतो. २००२ मध्ये महानगरपालिका झालेले हे शहर दहिसर नाक्यापलीकडे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वसले आहे. काशिमिऱ्याहून एक रस्ता घोडबंदरमार्गे ठाण्याकडे, तर महामार्ग वसई खाडी ओलांडून गुजरातकडे जातो. अवजड वाहनांमागे इंच-इंच सरकणारी रांग आणि गायमुखचा चढ यांमुळे रोज मुंबईत जाणाऱ्या अनेकांनी डाव्या पायाला विश्रांती म्हणून स्वयंचलित गाडी घेतली, तर नवल नाही. अशा गाडीचा गिअर घसरू लागला आणि ‘बँड टाइट करून देतो’ असे कोणी सांगितले, तर गाडीधारकाने प्रथम विचारावे की या गिअरबॉक्समध्ये बँड आहे का, असल्यास त्याचा स्क्रू कोठे आहे आणि त्याचे माप कोणत्या पुस्तिकेत दिले आहे. एएमटी गाडीत घसरणारी वस्तू क्लच प्लेट असते आणि तिच्या पकडीची जागा स्कॅनर जोडून पुन्हा नोंदवावी लागते. वापरलेली गाडी विकत घेताना तर ही विचारणा अधिकच आवश्यक ठरते, कारण तेल बदलून व घसरण तात्पुरती लपवून गाडी दाखवता येते.

रांगेत सरकणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स तापतो. टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल घुसळले जाते आणि समोरून वारा कमी मिळतो. निर्मात्यांच्या पुस्तिकांत अशा वापराला ‘कठोर वापर’ समजून तेल लवकर बदलण्यास सांगितलेले असते. पावसाळ्याचा धोका निराळा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई महानगर परिसरातील असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक लहान नळी असते. पाणी तेथून किंवा तेल मोजण्याच्या सळईच्या नळीतून आत शिरते. बुडालेली गाडी चालू करून पाहण्याआधी गिअरबॉक्समधील तेल पाहणे श्रेयस्कर.

बँडचे समायोजन आज महाराष्ट्रात प्रामुख्याने जुन्या गाड्यांच्या संग्राहकांकडे उरले आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते आणि त्या नेहमीच्या वाहतुकीसाठी वापरता येत नाहीत. त्यामुळे या गाड्या वर्षातील बराच काळ उभ्याच असतात. उभ्या गाडीचे तेल निथळून तळाशी येते व सर्व्होची रबरी वेष्टने सुकतात. खाडी व मिठागरांजवळच्या खारट दमट हवेत, जशी भाईंदर-उत्तन पट्ट्यात आहे, उघड्या स्क्रूचे आटे लवकर गंजतात आणि वर सांगितलेली खोट्या मापाची अडचण अशा गाड्यांत हमखास उभी राहते.

वापरलेले तेल

मागील बँडसाठी चेंबर काढले, की कित्येक लिटर तेल बाहेर येते. धोकादायक व अन्य कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत वापरलेल्या वंगणतेलाचा समावेश असून ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. ते गटारात ओतल्यास, मीरा-भाईंदरसारख्या सखल भागात, पहिल्या मोठ्या पावसात ते नाल्यांवाटे खाडीतील तिवरांपर्यंत पोहोचते. तेल झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा पाणी मिसळू नये, कारण मिसळलेल्या तेलावर पुनर्प्रक्रिया करणे कठीण होते.